जीर्णोद्धार कोणत्या काळाचा? : एका लढाऊ विमानाच्या निमित्ताने

१९८२ साली पीटर व्हॅचर हे इंग्रज गृहस्थ जुन्या रोल्स-रॉइस मोटारींच्या शोधात भारतात हिंडत होते. या भ्रमंतीत वाराणसी येथे बनारस हिंदू विश्वविद्यालयाच्या आवारात त्यांना एक अनपेक्षित वस्तू दिसली. दुसऱ्या महायुद्धातील एक हॉकर हरिकेन जातीचे लढाऊ विमान तेथे उघड्यावर उभे होते. त्याचा क्रमांक होता आर ४११८. पुढे अभिलेख तपासल्यावर असे निष्पन्न झाले की हे विमान १९४० च्या 'बॅटल ऑफ ब्रिटन'मध्ये प्रत्यक्ष लढलेले होते. व्हॅचर यांनी अनेक वर्षे पाठपुरावा केला, २००१ मध्ये ते विमान विकत घेऊन इंग्लंडला नेले, आणि २३ डिसेंबर २००४ रोजी ते पुन्हा आकाशात उडाले.

ही हकीकत विमानप्रेमींच्या वर्तुळात सुपरिचित आहे, आणि ती बहुधा एका साहसकथेच्या थाटात सांगितली जाते. प्रस्तुत लेखात तिच्याकडे थोड्या वेगळ्या बाजूने पाहावयाचे आहे. जुनी वस्तू पूर्वस्थितीस आणणे याला आपल्याकडे 'जीर्णोद्धार' हा शब्द आहे. परंतु पूर्वस्थिती म्हणजे नेमकी कोणती स्थिती? वस्तूला एकच पूर्वकाळ नसतो. तिच्या आयुष्यातील एक क्षण निवडून बाकीचे मागे सारल्याखेरीज जीर्णोद्धार होऊच शकत नाही. साहित्याच्या अभ्यासकांना हा प्रश्न परका वाटू नये, कारण जुन्या ग्रंथाची संहिता सिद्ध करताना संपादकापुढे हाच पेच उभा असतो.

प्रथम या विमानाचे चरित्र पाहू. आर ४११८ हे १९४० च्या उन्हाळ्यात ग्लॉस्टर कंपनीच्या कारखान्यात तयार झाले आणि ऑगस्टमध्ये ६०५ क्रमांकाच्या स्क्वाड्रनकडे आले. त्यावर 'यूपी-डब्ल्यू' ही अक्षरे रंगवली गेली. लंडनच्या दक्षिणेस असलेल्या क्रॉयडन तळावरून त्याने ४९ युद्धोड्डाणे केली, आणि पाच शत्रुविमाने पाडल्याचे श्रेय त्याच्या नावावर आहे. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात एका चकमकीत त्याला इजा झाली. दुरुस्तीनंतर ते दुसऱ्या एका स्क्वाड्रनमध्ये गेले, त्यानंतर वैमानिकांच्या प्रशिक्षणासाठी वापरले गेले, आणि १९४३ च्या अखेरीस सुटे करून जहाजाने भारताकडे रवाना झाले. येथे त्याला लढाई अशी पाहावी लागली नाही. १९४७ मध्ये ते वायुदलाच्या नोंदीतून कमी झाले आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांच्या अभ्यासासाठी बनारस हिंदू विश्वविद्यालयाला देण्यात आले. तेथेच ते २००१ पर्यंत राहिले.

आता या चरित्रातील काळाचे प्रमाण लक्षात घ्यावे. ज्यासाठी हे विमान प्रसिद्ध आहे तो युद्धकाळ जेमतेम दोन महिन्यांचा. भारतातील वास्तव्य सुमारे सत्तावन्न वर्षांचे, आणि त्यातील बहुतेक सारे एका विद्यापीठाच्या आवारात. २००४ मध्ये उडालेले विमान मात्र १९४० च्या शरद ऋतूतील आहे. तेच रंग, तीच 'यूपी-डब्ल्यू' अक्षरे. सत्तावन्न वर्षांची त्याच्या अंगावर खूण नाही. ही निवड चूक होती असे मला म्हणावयाचे नाही. पण ती निवड होती, हे आधी मान्य व्हावे.

जीर्णोद्धारकाला निवडीचे असे किती प्रसंग येतात हे समजण्यासाठी हरिकेनची रचना थोडी पाहिली पाहिजे. सिडनी कॅम यांनी आराखडा केलेले हे विमान नोव्हेंबर १९३५ मध्ये प्रथम उडाले. त्याचा सांगाडा पोलादी आणि इतर धातूंच्या नळ्यांचा. या नळ्या वितळजोड न करता बोल्टांनी जोडलेल्या. त्याभोवती लाकडी चौकटी आणि पट्ट्या, आणि शरीराच्या मागील भागावर ताणून बसवलेले तागाचे कापड. त्या कापडावर 'डोप' नावाच्या द्रावणाचे हात दिले की ते आक्रसून ढोलावरच्या चामड्यासारखे घट्ट होते. समकालीन स्पिटफायर संपूर्ण धातूचे, अधिक वेगवान आणि अधिक देखणे. त्यापुढे हरिकेन जुन्या वळणाचे वाटे. परंतु गोळी कापडातून आरपार गेली तर ठिगळ लावून भागत असे, आणि वाकलेली नळी काढून दुसरी बसवता येई. १९४० च्या त्या महिन्यांत हरिकेन विमानांनी इतर सर्व संरक्षक विमानांनी मिळून पाडली त्यांपेक्षा अधिक शत्रुविमाने पाडली. त्यात दुरुस्तीच्या या सुलभतेचा वाटा मोठा होता.

याचाच अर्थ असा की 'मूळ' विमान हे युद्धकाळातसुद्धा मूळ राहिलेले नव्हते. ब्रिटनमध्ये नादुरुस्त विमाने गोळा करून त्यांना पुन्हा लढण्याजोगे करणारी एक मोठी नागरी यंत्रणाच उभी राहिली होती. एका विमानाचा पंख दुसऱ्याला, एकाचे इंजिन तिसऱ्याला, हा नित्याचा व्यवहार होता. आज जे म्हणतात की जीर्णोद्धारात नवे भाग घातल्याने विमानाची अस्सलता जाते, त्यांनी हे ध्यानी घ्यावयास हवे की त्या विमानाला सप्टेंबर १९४० मध्येही असेच नवे भाग मिळत होते.

तरीही शांततेच्या काळात उडवण्यासाठी करावयाची दुरुस्ती वेगळी असते. लढाऊ विमानाला काही महिने टिकायचे असते, त्याचे आयुष्य तेवढेच गृहीत धरलेले असते. आज त्याला नागरी उड्डाण प्राधिकरणाच्या कसोटीस उतरावे लागते. साठ-सत्तर वर्षांच्या धातूवर, तो वरून कितीही चकचकीत दिसला तरी, वैमानिकाचा जीव टाकता येत नाही. स्पिटफायरमध्ये काही ठिकाणी वापरलेले मॅग्नेशियमयुक्त मिश्रधातूचे रिव्हेट काळाने आतून ठिसूळ होतात, म्हणून ते काढून नवे ठोकावे लागतात. हरिकेनच्या पंखाचा कणा म्हणजे उच्च ताणशक्तीच्या पोलादी पट्ट्या विशिष्ट रुळांतून काढून बनवलेली बारा कोनांची नळी. तशी नळी बनवणारी यंत्रे युद्धानंतर नाहीशी झाली होती. आर ४११८ ज्यांच्या हातून सिद्ध झाले त्या सफोकमधील हॉकर रिस्टोरेशन्स या संस्थेला ती कृती नव्याने बसवावी लागली. येथे जीर्णोद्धाराने एक वेगळेच काम केले आहे असे मला वाटते. जुना पोलाद वाचला नाही, पण तो घडवण्याची विद्या वाचली. हस्तलिखित झिजून गेले तरी त्याची लिपी वाचणारे कोणी राहिले, तर जे वाचते त्याच्याशी याची तुलना करता येईल.

मग जुने किती उरले म्हणजे विमान तेच, असे म्हणावे? प्लुटार्कने सांगितलेले थीसियसच्या जहाजाचे उदाहरण या संदर्भात नेहमी दिले जाते. आपल्याला जवळचा दाखला मिलिंदपञ्हातील रथाचा आहे. नागसेन राजाला विचारतो की दांडा म्हणजे रथ काय, आस म्हणजे रथ काय, चाके म्हणजे रथ काय. आणि अखेरीस निष्पन्न होते ते असे की रथ ही या सर्वांच्या आधारे व्यवहारात चालणारी संज्ञा आहे. जुन्या विमानांच्या जगात हा व्यवहार अगदी अक्षरशः चालतो. तेथे ओळख ठरते ती निर्मितिक्रमांकाच्या छोट्या धातूच्या पट्टीवरून आणि तिच्यासोबतच्या कागदपत्रांवरून. अवशेषांतून ती पट्टी आणि काही भाग हाती आले, मालकीची साखळी सिद्ध झाली, की त्याभोवती जवळजवळ सगळे नवे विमान उभारले तरी ते जुन्याच क्रमांकाने ओळखले जाऊ शकते. मूर्ती नवी घडवली तरी प्रतिष्ठा विधीने होते, तसाच हा प्रकार.

याचे सर्वांत ठळक उदाहरण पी ९३७४ या स्पिटफायरचे आहे. २४ मे १९४० रोजी पीटर कॅझेनोव्ह या वैमानिकाने ते फ्रान्समधील कॅलेच्या समुद्रकिनाऱ्यावर उतरवले. कॅझेनोव्ह युद्धकैदी झाले, विमान वाळूत रुतत गेले आणि दिसेनासे झाले. चाळीस वर्षांनी, १९८० मध्ये, वाळू सरकली आणि त्याचे अवशेष वर आले. इंग्लंडमधील डक्सफर्ड येथे त्यावर काम होऊन सप्टेंबर २०११ मध्ये ते उडाले. चार दशके खाऱ्या पाण्यात मुरलेल्या धातूपैकी उडण्यास लायक असे फारच थोडे असणार, हे सांगावयास नको. जुलै २०१५ मध्ये या विमानाचा लिलाव ३१ लाख पौंडांच्या घरात गेला. ती किंमत अर्थातच नव्या ॲल्युमिनियमची नव्हती. खरेदीदार एका क्रमांकाला आणि त्या क्रमांकामागील कथेला मोल देत होता. या लिलावातील रक्कम वायुदलातील सैनिकांच्या कल्याणनिधीला आणि वन्य मार्जारकुलाच्या संरक्षणाला देण्यात आली, हेही नोंदवले पाहिजे. त्याच मालकाने त्याच काळात एन ३२०० हे दुसरे स्पिटफायर, जेही फ्रान्सच्या किनाऱ्यावरील वाळूतूनच निघाले होते, डक्सफर्डच्या इम्पीरियल वॉर म्युझियमला दान केले.

या तुलनेत आर ४११८ भाग्यवान म्हणावे लागेल. ते कोसळलेले नव्हते, रुतलेले नव्हते. वाराणसीच्या ऊनपावसात उभे असले तरी ते बऱ्याच अंशी सलग होते. म्हणूनच त्याच्या बाबतीत 'कोणता पाठ स्वीकारायचा' हा प्रश्न अधिक खरा ठरतो.

येथे संहितासंपादनाचा विचार उपयोगी पडतो. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. त्यासाठी १२५९ हस्तलिखिते तपासली गेली. विष्णु सीताराम सुखटणकरांनी त्या कामाची पद्धती घालून दिली. व्यासांच्या मुखातून निघालेले महाभारत आपण देत आहोत असा त्यांचा दावा नव्हता. उपलब्ध हस्तलिखितांच्या आधारे जेथवर मागे जाता येते तेथवरचा प्राचीनतम पाठ, एवढाच तो दावा होता. आणि त्याहून महत्त्वाचे असे की जे वगळले ते फेकून दिले नाही. गणपती व्यासांचा लेखक झाला ही सर्वांच्या आवडीची कथा मुख्य संहितेतून गेली, पण परिशिष्टात राहिली. वाचक ती तेथे वाचू शकतो आणि संपादकाशी भांडूही शकतो.

त्याआधी सुमारे साडेतीन शतके, शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीचे शुद्धीकरण केले. पाठांतरांनी मलिन झालेला ग्रंथ त्यांनी शोधून सिद्ध केला आणि पुढे कोणी त्यात आपली ओवी घालू नये असे बजावले. मराठी समाजाला ज्ञानेश्वरी सुस्थितीत लाभली ती त्यांच्या या श्रमामुळे. मात्र त्यांनी कोणते पाठ गाळले हे सांगणारी टिपणे त्यांनी मागे ठेवलेली नाहीत, आणि तशी अपेक्षा त्या काळाकडून करणेही गैर ठरेल. ग्रंथ पुन्हा वाचता, गाता आणि पारायण करता यावा हा त्यांचा हेतू होता. उडणारे विमान हे या दुसऱ्या प्रकारचे संपादन आहे. ते चालण्यासाठी सिद्ध केलेले असते, आणि चालणाऱ्या संहितेच्या पृष्ठावर पाठभेदांना जागा नसते.

संग्रहालयाचा मार्ग निराळा. तेथे वस्तू न उडवता, तिच्या डागांसह, ठिगळांसह, उडालेल्या रंगासह ठेवता येते. पुढचा अभ्यासक नवे प्रश्न घेऊन आला तर त्या रंगाच्या थरांना विचारता येते. उडवण्यासाठी थर खरवडले की तो पुरावा कायमचा गेला. आणि उडण्यातला धोका वस्तूपुरता मर्यादित नसतो. १२ नोव्हेंबर २०२२ रोजी अमेरिकेतील डॅलस येथे एका प्रदर्शनात पी-६३ किंगकोब्रा हे लढाऊ विमान बी-१७ या बॉम्बफेकी विमानावर आदळले आणि सहा जणांचा मृत्यू झाला. २५ मे २०२४ रोजी इंग्लंडमधील लिंकनशायरमध्ये, १९५७ पासून जुनी विमाने उडती ठेवणाऱ्या ब्रिटिश वायुदलाच्या स्मृतिपथकातील एक स्पिटफायर कोसळून त्याचा वैमानिक गेला. अशा प्रत्येक प्रसंगानंतर विचारले जाते की हे कशासाठी? उत्तर देणारे इंजिनाच्या आवाजाकडे बोट दाखवतात. सत्तावीस लिटरचे, बारा सिलिंडरांचे मर्लिन इंजिन सुरू झाल्यावर जे ऐकू येते ते काचेच्या कपाटात ठेवता येत नाही. हे उत्तर भाबडे नाही. नाटकाची संहिता वाचणे आणि नाटक पाहणे यांतील फरक ज्याला मान्य आहे, त्याला हेही मान्य करावे लागेल. बॉब फॉस्टर हे १९४० मध्ये आर ४११८ मधून लढलेले वैमानिक होते. २०१४ साली त्यांचे निधन झाले. त्यापूर्वी त्यांना आपले विमान पुन्हा उडताना पाहावयास मिळाले. तो प्रयोग केवळ त्यांच्यासाठी झाला असता तरी व्यर्थ म्हणता आला नसता.

आपल्या देशात जीर्णोद्धाराची आणखी एक कथा आहे, आणि तिचे प्रयोजन पूर्णतः वेगळे होते. युद्ध संपल्यावर अमेरिकी बनावटीची लिबरेटर बॉम्बफेकी विमाने कानपूरजवळच्या चकेरी तळावर टाकून देण्यात आली होती. ती पुन्हा वापरता येऊ नयेत म्हणून ब्रिटिशांनी त्यांची हेतुपुरस्सर मोडतोड केलेली होती. स्वतंत्र भारताकडे अवजड बॉम्बफेकी विमाने नव्हती. १९४८ मध्ये हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या लोकांनी त्या भंगारातून एकेक विमान कसेबसे उडण्याजोगे करून बंगळूरला नेले, आणि तेथे पूर्ण दुरुस्ती करून चाळीसच्या आसपास लिबरेटर उभी केली. ती १९६८ पर्यंत भारतीय वायुदलाच्या सेवेत राहिली. तेथे अस्सलतेची चर्चा कोणी केली नसेल, कारण काम चालले पाहिजे एवढाच प्रश्न होता. गंमत अशी की आज लंडनसह जगातील काही संग्रहालयांत जी लिबरेटर आहेत ती भारतातून गेलेली आहेत. ज्यांना गरजेने जिवंत केले तीच पुढे स्मृतीच्या कामी आली. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात भारतातील अनेक जुनी स्पिटफायर आणि टेम्पेस्ट विमानेही अशीच परदेशी संग्राहकांकडे गेली.

या व्यवहाराबद्दल आपल्याकडे दोन टोकांची मते ऐकू येतात. एक म्हणते, आपला ठेवा गेला. दुसरे म्हणते, येथे राहिले असते तर भंगारात गेले असते. दोन्हींत तथ्य आहे आणि दोन्हींमध्ये एक प्रश्न निसटतो. आर ४११८ चा ब्रिटिश इतिहास ब्रिटिशांनी जतन केला, आणि ते योग्यच झाले. व्हॅचर यांनी या विमानावर स्वतंत्र पुस्तक लिहिले. विमानाच्या अंगावरून जे पुसले गेले त्यातील बराचसा भाग तेथे शब्दांत राहिला. म्हणजे त्यांनी आपल्या परीने परिशिष्ट जोडले. पण हरिकेनचा भारतीय इतिहास हा केवळ परिशिष्टाचा विषय आहे काय? १९४४ मध्ये इम्फाळच्या लढाईत अर्जन सिंग यांच्या नेतृत्वाखाली भारतीय वायुदलाच्या पहिल्या स्क्वाड्रनने हरिकेनच उडवली होती. महिंदर सिंग पुज्जी १९४१ मध्ये इंग्लंडच्या आकाशात हरिकेनमधून लढले होते. आणि स्वातंत्र्यानंतर एका विद्यापीठाने हे युद्धयंत्र शिक्षणाचे साधन म्हणून स्वीकारले, ही घटना तर इतिहासकाराला पाच शत्रुविमानांच्या नोंदीइतकीच मोलाची वाटावी. मारण्यासाठी बनवलेली वस्तू शिकण्यासाठी वापरली गेली, आणि या दुसऱ्या कामी ती पहिल्यापेक्षा कितीतरी अधिक काळ राहिली.

विमान एकदाच रंगवता येते. त्यावर 'यूपी-डब्ल्यू' लिहिले की दुसरे काही लिहिता येत नाही. लेखनाला ही अडचण नाही. पन्नास-साठच्या दशकांत वाराणसीला अभियांत्रिकी शिकलेली माणसे आज ऐंशी-नव्वदीत असतील. त्यांतील कोणी त्या विमानाच्या पंखावर चढले असेल, कोणी त्याच्या इंजिनाकडे बोट दाखवून परीक्षेतील उत्तर पाठ केले असेल, कोणी नुसतेच त्याच्या सावलीत बसले असेल. त्यांना विचारून घेणे याला कोणत्याही प्राधिकरणाची परवानगी लागत नाही, आणि त्यासाठी लक्षावधी पौंडही लागत नाहीत. आर ४११८ ची चिकित्सक आवृत्ती कधी निघालीच, तर तिच्यातील सत्तावन्न वर्षांचे पर्व आपल्याकडून लिहून जावयाचे आहे. ते अद्याप लिहिता येईल, पण फार काळ नाही.